आग्या मोहोळ आणि चुन्याचं बोट

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या पानावर एक बातमी हमखास येते. गाव बदलतं, तालुका बदलतो, बातमी तीच. स्मशानात सरण पेटलं, धूर वर गेला, झाडावरचं आग्या मोहोळ उठलं आणि मयतीला आलेली माणसं प्रेत तसंच सोडून वाट फुटेल तिकडे पळाली. कधी ही पाळी कापूस वेचणाऱ्या बायांवर येते, कधी सहलीच्या पोरांवर, कधी देवाचा डोंगर चढणाऱ्यांवर. बातमीच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं : 'जखमींवर रुग्णालयात उपचार सुरू आहेत.'

आता उपचार म्हणजे नेमकं काय? माणूस मध खायला लागला तेव्हापासून मधमाशी त्याला चावते आहे. मग तिच्यावरचा इलाज माणसाला सापडला केव्हा? मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे कोणतीही गोष्ट दिसली की 'हे केव्हापासून?' असं विचारायची खोड लागली आहे. या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं ते मला फार विलक्षण वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच. (मधमाशी खरं तर चावत नाही, डंख मारते, हे मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे विंचूही चावतो, सापही चावतो आणि माशीही चावते. तेव्हा मी 'चावली' असंच लिहिणार.)

आमच्या भागात मधमाश्या मुख्यतः चार तऱ्हेच्या. झाडाच्या उंच फांदीला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं पोळं लोंबकळत ठेवणारी आग्या. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत एकाआड एक पोळी बांधणारी सातेरी, जी पेटीत पाळता येते. झुडपाच्या काटकीला हाताच्या पंज्याएवढं पोळं करणारी फुलोरी. आणि पोया, ती बिचारी इतकीशी की तिला चावायला नांगीच उरलेली नाही. चौघींत माणसाचं वैर आहे ते आग्याशी. तिचं पोळं उघड्यावर असतं, त्यामुळे राखण करण्याची तिची रीतही तशीच जहाल. घारीची सावली पडली तरी अख्ख्या पोळ्यावरून एक लाट सरकत जाते. ती लाट म्हणजे तिचा इशारा. तो ओळखणारे लोक मान खाली घालून निमूट निघून जातात. न ओळखणारे दगड मारतात.

चावल्यावर काय करायचं, याची यादी प्रत्येक गावात तोंडपाठ असते. पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन लावायचा. विळा, खिळा, किल्ली, जे लोखंड हाताशी असेल ते घासायचं. कांदा चोळायचा. तंबाखू थुंकीत मळून दाबायची. ओली माती, शेण, मीठ, झेंडूचा पाला, रॉकेल. आमची आजी चुन्याच्या पक्षाची होती. कोणाला माशी चावली की तिचं चुन्याचं बोट पुढे आलंच म्हणून समजा. आणि खरं सांगायचं तर या सगळ्यांनी बरं वाटतं! वाटणारच. एका माशीची आग तासा-दोन तासांत आपोआप उतरते, मग त्या वेळात तुम्ही चुना लावा की चंदन. जो आजार आपल्याच पायांनी निघून जातो, त्याच्या औषधांची यादी कायम लांबलचक असते.

पुढे शाळेच्या पुस्तकांतून एक शास्त्रीय वाटणारं समर्थनही आलं. मधमाशीचं विष आम्ल, म्हणून त्यावर चुना किंवा खायचा सोडा. गांधीलमाशीचं अल्कली, म्हणून त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर. ऐकायला किती छान! पण नांगी विष सोडते ते कातडीच्या खाली, आणि चुना बसतो कातडीच्या वर. शिवाय त्या विषाची करामत आम्लात नाहीच. त्यात मेलिटिन नावाचं एक प्रथिनासारखं द्रव्य असतं. वाळवलेल्या विषाचा जवळपास निम्मा भाग तेच, आणि ते पेशींची आवरणं फोडतं. चुन्याच्या बोटाला तिथवर पोचायला वाट नाही.

मागे जायचं तर सुश्रुतापर्यंत जाता येतं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषांचा विचार आहे आणि त्यात कीटकांना वेगळा अध्याय दिलेला आहे. तिथे मक्षिकांच्या सहा जाती मोजल्या आहेत. त्या चावल्या की खाज, सूज, आग आणि वेदना होते असं लिहून झाल्यावर, त्यांतल्या काषायी आणि स्थालिका या दोन जाती प्राण घेणाऱ्या असल्याचं सांगितलं आहे. मुंग्या, माश्या आणि डास यांच्या दंशावर काळ्या वारुळाच्या मातीचा गोमूत्रातला लेप सुचवलेला आहे. म्हणजे आमच्या गावची ओली माती काही कालची नाही. पण मला लेपापेक्षा त्या दोन जातींचं महत्त्व अधिक वाटतं. माशी चावून माणूस मेल्याचं त्या काळच्या वैद्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. एरवी अशी नोंद कशाला होईल? एकाला नुसती सूज येते आणि दुसरा प्राणाला मुकतो, याचा उलगडा त्यांनी असा केला की माशीच वेगळी असली पाहिजे. दोष माशीच्या जातीत शोधला. 

या ठिकाणी एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण ती नसती तर मी या विषयाच्या नादी लागलोच नसतो.

१९७८ सालच्या कार्तिकातली गोष्ट. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका आडगावी नोकरीला होतो. तुरीला फुलोरा आला होता. गावातला एक सालदार धुऱ्यावरचं गवत कापत होता, पस्तिशीतला, गड्याला गडी भारी असा. मानेवर एक माशी चावली. एकच. त्याने ती झटकली, शेजारच्या वावरातल्या माणसाकडून चुना मागून घेतला, लावला आणि पुन्हा विळा धरला. थोड्या वेळाने अंगभर खाज सुटली, गांधी उठल्या, तोंड सुजलं. मग दम लागला. लोकांनी बंडी जुंपली, त्याला मध्ये धरून बसवलं आणि डांबरी सडकेकडे निघाले. सडक दीड कोसावर. सडक यायच्या आधीच त्याने मान टाकली.

गावात चर्चा झाली ती वेगळीच. साप असेल, धुऱ्यावर नाग निघतात. कोणी म्हणालं करणी असेल. मी 'माशी चावली' म्हटलं तर पारावरचा एक म्हातारा मला म्हणाला, "माशीनं का मानूस मरते का गुर्जी? त्याची येळ आलती. माशी त निमित्त झाली." त्याच्या बोलण्याला आधार होता. शेजारच्या कोलाम पोडावरचा एक गडी दरसाल आमच्या गावचं मोहोळ झाडायला यायचा. अंधाऱ्या रात्री, कडुनिंबाच्या पाल्याचा पेंढा पेटवून, उघड्या अंगाने झाडावर. त्याला एका रात्रीत वीस-पंचवीस माश्या चावायच्या आणि तो खाली उतरून बिडी ओढायचा. ज्याला पंचवीस चावतात तो हसतो आणि ज्याला एक चावते तो मरतो, तर मग वेळ आली होती म्हणण्यावाचून दुसरं काय म्हणणार? सालदाराच्या बायकोने मात्र एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. आदल्या साली त्याला अशीच एक माशी चावली होती, आणि तेव्हाही त्याच्या अंगभर गांधी उठून दोन-तीन तासांनी बसल्या होत्या. पित्त झालं म्हणून कोकमाचं पाणी दिलं होतं.

या एका वाक्यात सगळं उत्तर होतं. आणि ते उत्तर जगाला तोपर्यंत पाऊणशे वर्षं माहीत होतं.

१९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर हा आपली बोट घेऊन समुद्रसंशोधनाला निघाला. त्याच्या सोबत शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. समुद्रात तरंगणाऱ्या एका विषारी प्राण्याचा डंख अभ्यासायचा, असं काम. परत आल्यावर पॅरिसला त्यांनी समुद्रफुलाचं विष काढून कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. अपेक्षा अशी की थोडं थोडं विष टोचत गेलं तर कुत्र्याला ते सोसवायला लागेल, देवीची लस टोचल्यावर होतं तसं. नेपच्यून नावाचा एक दांडगा कुत्रा पहिल्या डोसातून सुखरूप पार पडला. तीनेक आठवड्यांनी त्याला पुन्हा अगदी थोडं विष दिलं आणि तो काही मिनिटांत आडवा होऊन अर्ध्या तासाच्या आत मेला. पहिल्या वेळेने त्याला बळकट करायच्या ऐवजी उलट हळवं करून ठेवलं होतं! रिशेने या प्रकाराला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' असं नाव दिलं, म्हणजे संरक्षणाच्या उलटं. १९०२ साली हे प्रसिद्ध झालं आणि १९१३ साली रिशेला नोबेल मिळालं.

सुश्रुतापासून चालत आलेला प्रश्न इथे उलटा फिरला. माशी वेगळी नव्हती, माणूस वेगळा होता. त्याच्या शरीराने पहिल्या डंखाची नोंद ठेवली होती आणि दुसऱ्या वेळी चिमूटभर विषाला अख्ख्या फौजेनिशी उत्तर दिलं. त्या फौजेच्या धुमाळीत रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळते. विष मारत नाही, आपल्याच शरीराचा बंदोबस्त मारतो. ही नोंद शरीर ज्या द्रव्यात ठेवतं ते सापडायला मात्र १९६६ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्याला ते सापडलं, पुढच्याच वर्षी स्वीडनमध्येही वेगळ्या वाटेने सापडलं, आणि त्याला आय. जी. ई. असं रुक्ष नाव पडलं.

गंमत पाहा, रिशे बोटीवर होता त्याच सुमारास औषधही तयार होत होतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. जोकिची ताकामिने हा जपानी रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत स्थायिक झाला होता. त्याने आणि त्याच्या केइझो उएनाका या सहकाऱ्याने १९०० साली जनावरांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून एक शुद्ध पदार्थ वेगळा काढला. तो अ‍ॅड्रेनॅलिन. रक्तवाहिन्या आवळणारा, हृदयाला रेटा देणारा, श्वासनलिका मोकळी करणारा. म्हणजे माशीच्या एका डंखाने त्या सालदाराच्या शरीरात जे जे बिघडवलं, त्या प्रत्येकाच्या नेमका उलट. आजही, सव्वाशे वर्षांनी, या प्रसंगावरचं पहिलं औषध तेच आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचायचं. दुसरी औषधं, म्हणजे अ‍ॅव्हिलसारखी खाजेची इंजेक्शनं किंवा स्टेरॉइड, ही त्याच्या मागून येणारी माणसं. ती गांधी बसवतात, पण कोसळणारा रक्तदाब सावरत नाहीत.

इथवर गोष्ट सरळ आहे. यापुढे ती वाकडी होते, आणि मला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो.

ज्याला एकदा अशी प्रतिक्रिया आली, त्याला दुसऱ्या वेळेपासून वाचवायचं कसं? कल्पना अशी की तेच विष अगदी सूक्ष्म मात्रेत टोचत न्यायचं, मात्रा हळूहळू वाढवायची, म्हणजे शरीर सोसायला शिकेल. कोलामाच्या पोडावरचा गडी हेच नकळत करत होता. दरसाल पन्नास-शंभर डंख खाऊन त्याच्या शरीराने सहन करायची दुसरी तऱ्हा कमावली होती. (सगळ्याच मधपाळांना ही देणगी मिळते असं नाही. मधपाळांच्या घरातल्या माणसांत उलट अ‍ॅलर्जीची प्रकरणंही आढळतात.) पण १९३० साली अमेरिकेत बेन्सन आणि सेमेनॉव्ह या दोघांनी एका मधपाळाच्या अनुभवावरून असं मांडलं की अ‍ॅलर्जीचं कारण नुसत्या विषात नसून माशीच्या सगळ्या अंगात आहे. झालं! डॉक्टर अख्ख्या माश्या वाटून त्यांचा अर्क टोचायला लागले. काम सोपं. नांगीतून विष काढत बसायला नको. हा अर्क जवळजवळ पन्नास वर्षं चालला. रोग्यांना बरं वाटायचं, कारण पुढे माशी चावली तरी बरेच जण तसेही वाचतात. आमच्या चुन्याचीच ही गोरी आवृत्ती, फक्त बाटलीत भरलेली.

न्यूयॉर्कच्या मेरी लव्हलेस या डॉक्टर बाई १९५० च्या दशकापासून सांगत होत्या की अर्क नको, विष वापरा. त्या स्वतः गांधीलमाश्या पकडून आणायच्या आणि त्यांच्या विषाच्या पिशव्या काढून औषध बनवायच्या. त्यांचं ऐकलं गेलं नाही. शेवटी बाल्टिमोरला लिक्टेनस्टाइन, व्हॅलेंटाइन आणि हंट यांच्या गटाने सरळ परीक्षा घेतली. रोग्यांचे तीन गट केले. एकाला खरं विष, एकाला अर्क, एकाला नुसतं पाणी म्हणावं असं काहीतरी. मग दवाखान्यात, सगळी तयारी जवळ ठेवून, त्यांना माशी मुद्दाम चाववली. नुसत्या पाण्याच्या गटात १२ पैकी ७ जणांना प्रतिक्रिया आली. अर्काच्या गटात ११ पैकी ७ जणांना. विषाच्या गटात १८ पैकी एकाला. पन्नास वर्षं टोचलेला अर्क पाण्याइतकाच निघाला. हे छापून आलं जुलै १९७८ मध्ये. आमचा सालदार त्याच वर्षीच्या कार्तिकात गेला. पुढच्या वर्षी, १९७९ ला, अमेरिकन सरकारने विषाच्या उपचाराला मान्यता दिली.

मी या तीन आकड्यांकडे पुष्कळदा पाहत बसतो. आमच्या गावच्या म्हाताऱ्याला कोणी अडाणी म्हणू नये एवढ्यासाठी तरी ते ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. अर्क टोचणारेही शिकलेलेच होते.

असाच एक शिकल्या लोकांचा नियम नांगी काढण्याविषयीचा. मधमाशीच्या नांगीला उलटे दाते असतात, त्यामुळे ती माणसाच्या कातडीत अडकते आणि माशी उडताना विषाची पिशवी, तिचे स्नायू, मज्जातंतूंची गाठ हे सगळं मागे राहतं. माशी मरते, पण मागे राहिलेला तो पंप चालूच राहतो. (गांधीलमाशीची नांगी अशी अडकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावू शकते.) पुस्तकांत लिहिलेलं असायचं की नांगी चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाईल, सुरीच्या पाठीने किंवा पत्त्याने हळूच खरवडा. १९९६ साली व्हिशर, व्हेटर आणि कॅमझीन या तिघा अमेरिकनांनी हे तपासलं. स्वतःच्याच हातांवर माश्या चावून घेतल्या आणि सुजेची गांधी मोजली. खरवडा की उपटा, फरक काहीच नाही. फरक पडतो तो वेळाचा. काही सेकंदांचा उशीरही गांधी मोठी करतो, कारण बहुतेक सगळं विष पहिल्या वीसेक सेकंदांतच उतरतं. म्हणजे सुरी शोधायला घरात जाणारा माणूस हरतो आणि नखाने खसकन उपटणारा शेतकरी जिंकतो. इथे गाव बरोबर होतं. उपटल्यावर तिथे थांबायचं मात्र नाही. नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, १९६२ साली शास्त्रज्ञांनी त्यातलं द्रव्यही ओळखलं. तो वास म्हणजे बाकीच्या माश्यांना दिलेली हाक.

आतापर्यंत एका माशीविषयी बोललो. मोहोळ उठतं तेव्हा हिशेब निराळा. तिथे अ‍ॅलर्जी नसलेला माणूसही मरू शकतो, कारण विषाचं मापच मोठं. शंभर-दोनशे, कधी हजार डंख. याचं जुनं आणि आपल्या बाजूचं उदाहरण कॅप्टन फोर्सिथच्या १८७१ साली छापलेल्या मध्य प्रांताच्या वर्णनात आहे. जबलपूरजवळ भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. रेल्वेची पाहणी करणाऱ्या इंजिनिअरांवर तिथे माश्या तुटून पडल्या. त्यांतला बॉडिंग्टन नावाचा जीव वाचवायला नर्मदेत उतरला. बुडी मारून वर आला की माश्या डोक्यावर हजर. शेवटी तो बुडून मेला. यानंतर चोवीस वर्षांनी, १८९५ मध्ये, किपलिंगने दुसऱ्या जंगलबुकात मोगलीला वैनगंगेच्या कड्यावरच्या अशाच माश्यांमधून पळवलं, रानलसूण अंगाला चोळून, आणि नदीत उडी मारून सुखरूप बाहेर काढलं. ती वैनगंगा आमच्या वर्धेलाच मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. गोष्ट फर्मास आहे, पण पाण्यात उडी मारायचा धडा त्यातून कोणी घेऊ नये. मोगलीच्या मदतीला अजगर होता. बॉडिंग्टनला कोणी नव्हतं. तोंड-डोकं कपड्याने झाकून सरळ दूर पळत सुटणं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरणं, एवढंच खरं.

अशा माणसाच्या बाबतीत पहिला दिवस पार पडला म्हणजे सुटलो असं नाही. मेलिटिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, स्नायू फोडतं, आणि तो सगळा गाळ मूत्रपिंडात अडकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी होते किंवा कमी होत जाते. तेव्हा डायलिसिस लागतं आणि वेळेवर मिळालं तर मूत्रपिंडं बहुधा पुन्हा कामाला लागतात. युरोपियन माशीवरून मांडलेला एक अंदाज शरीराच्या वजनाच्या दर किलोला १९ डंख असा आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला अकराशेच्या वर. पण तो अंदाज धडधाकट माणसाचा. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना यापेक्षा पुष्कळ कमी पुरतात.

सापावर प्रतिविष आहे. विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून कोकणातल्या कितीतरी लेकरांचे प्राण वाचवले, आणि ते साऱ्या जगाने उचललं. मधमाशीवर मात्र दवाखान्याच्या कपाटात प्रतिविष नाही. तिथे असतं ते सलाईन, ऑक्सिजन, डायलिसिस आणि ताकामिनेचं इंजेक्शन.

त्या इंजेक्शनाचा खरा शत्रू अंतर आहे. ब्रिटनमधल्या पम्फ्री या डॉक्टरांनी अ‍ॅनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी तपासून २००० साली एक हिशेब मांडला. माशीच्या डंखाने गेलेल्यांत, डंखापासून हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मधला वेळ सुमारे १५ मिनिटं होता. त्यांनीच २००३ साली आणखी एक गोष्ट लिहिली : रक्तदाब उतरलेल्या अशा माणसाला एकदम उठवून बसवलं की हृदयाकडे रक्त परत येईनासं होतं आणि तो जागीच जाऊ शकतो. म्हणून त्याला आडवं ठेवायचं, पाय उंच करायचे. दमच फार लागला असेल तर तेवढ्यापुरतं टेकून बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही. हे वाचलं तेव्हा मला ती बंडी दिसली. दीड कोस म्हणजे बंडीला तासाची वाट. आज आमच्याकडे २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, यवतमाळला १९८९ पासून मेडिकल कॉलेज आहे, डांबरी सडक तर पोडापर्यंत गेली. तरीही वावरातून पंधरा मिनिटांत कुठे पोचता येतं, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरतं मोजून पाहावं. ज्याला एकदा माशीने अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, त्याने डॉक्टरांना ते सांगणं आणि जवळ काय ठेवायचं, पुढे विषाचा उपचार घ्यायचा का, हे विचारणं यातच शहाणपण. पित्त म्हणून सोडून द्यायची ती गोष्ट नव्हे.

२०२१ साली आपण सगळे कोविडची लस टोचून अर्धा तास खुर्च्यांवर बसलो होतो, आठवतं? कशासाठी बसवलं होतं ते फार थोड्यांना माहीत होतं. आमच्या शाळेतल्या केंद्रावर माझ्या शेजारी बसलेल्या बाई कंटाळून म्हणाल्या, "काऊन बसवून ठेवलं मायबाई, घरी सैपाक राह्यला!" मी त्यांना टेबलावरचा छोटा डबा दाखवला. नर्सबाईंनी तो उघडून दाखवला. आत बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्या होत्या. रिशेच्या कुत्र्याला जे झालं ते लसीने एखाद्याला झालंच, तर त्यासाठी.

आता थोडं साध्या डंखाविषयी, कारण शंभरांत बहुतेकांना तोच भोगावा लागतो. नांगी लगेच काढावी, जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची पट्टी ठेवावी. लोखंड घासून बरं वाटतं ते त्याच्या गारव्यानेच, असं माझं मत. बोटात अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढून घ्यावी, मागून सोनाराकडे पळावं लागतं. काहींचा हात डंखापासून कोपरापर्यंत टम्म सुजतो. ही सूज दुसऱ्या दिवशी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, अठ्ठेचाळीस तासांपर्यंत वाढते, आणि पूर्ण उतरायला आठ-दहा दिवसही लागतात. घरचे घाबरतात, पू झाला म्हणून अँटिबायोटिक सुरू करतात. ताप नसेल, लाली दिवसागणिक पसरत नसेल, तर बहुधा तसं काही नसतं. डंख तोंडात किंवा घशात झाला असेल तर मात्र वाट पाहू नये, थेट दवाखाना. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जी खाज सुटते, तिच्यावर आजीचं चुन्याचं बोट चुकूनही लावू नये. तिथे कातडी आधीच सोललेली असते, चुना भाजतो.